निवांत नोकरी की धावपळीची? कागदावर सही करण्याआधी

गेल्या महिन्यात ताई, दाजी आणि भाचा असे तिघं घरी आले. भाच्याच्या हातात दोन कागद होते. एक बेळगावजवळच्या मच्छेच्या फौंड्रीचा (लोखंड वितळवून साच्यात ओतणारा कारखाना) : सुपरवायझर, शिफ्ट ड्युटी, हातात 24,000. दुसरा शहापुरातल्या एका पतसंस्थेचा : क्लार्क, दहा ते साडेपाच, हातात 16,500. "मामा, सांगा की कुठलं धरू," एवढंच म्हणाला. ताईचं ठरलेलं होतं, "सोसायटीच बघ म्हणावं त्याला. सांजेला घरात येतोय, जेवणखाण वेळेवर." दाजींचंही ठरलेलं होतं, फक्त उलट. "पंचविशीत काउंटरवर बसून माशा मारणार काय?"

मला विचारण्याचं कारण असं की मी दोन्हीकडं राबलोय. डिप्लोमा झाल्यावर सहा वर्षं बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीच्या क्वालिटीत, म्हणजे माल तपासणीत, होतो. वैतागून सोडलं आणि तीन वर्षं एका पतसंस्थेत काढली. आता परत फौंड्रीत आहे, पण मेल्टिंगकडं, म्हणजे भट्टीवर. दोन्हीकडून पळून आलेला माणूस म्हणून माझा सल्ला घ्यावा इतकंच. त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. त्याला आठवडाभराचं काम लावून दिलं. तेच इथं लिहितोय.

पहिली पायरी : पगार तासावर आणा

महिन्याचा आकडा फसवतो. वहीत दोन रकाने पाडा आणि घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचे तास लिहा. भाच्याचा हिशेब असा झाला.

पतसंस्था : रोज साडेसात तास काम, जाऊन-येऊन अर्धा तास, 26 दिवस. म्हणजे 208 तास. पेट्रोल 600 वजा केलं तर 15,900 उरले. तासाला 76 रुपये.

फौंड्री : कागदावर आठ तास. पण तिथल्या दोघांना विचारलं तर शिफ्टचा चार्ज देऊन निघेपर्यंत साडेदहा तास होतात. जाऊन-येऊन दीड तास. 26 दिवसांचे 312, वर महिन्यात दोन रविवार पाच-पाच तास, एकूण 322. पेट्रोल आणि बाहेरचं खाणं मिळून 3,400 गेले, उरले 20,600. तासाला 64.

ताईच्या चेहऱ्यावर एकदम हसू. दाजी गप्प. मग मी तिसरा रकाना पाडायला लावला : तीन वर्षांनी काय? पतसंस्थेत वर्षाला पाचशे-सातशेची वाढ, म्हणजे 18,000 च्या आसपास. फौंड्रीत तीन वर्षं टिकून काम शिकलेल्या सुपरवायझरला दुसऱ्या कंपनीत काय देतात, हे त्यानं ओळखीच्या तिघांना विचारलं. 35,000 च्या आत कोणी आकडा सांगितला नाही. आता दाजी हसले. हिशेब इथं संपत नाही. पण तो न करता बोलणारे घरोघरी आहेत, म्हणून आधी तो करायचा.

दुसरी पायरी : ताण मेटलचा की माणसाचा?

या पायरीवर घाई करू नका. 'टेन्शनचं काम' म्हणून सगळे एकाच पोत्यात भरतात, आणि तिथंच चूक होते.

मेटलचा ताण सांगतो. डक्टाइल आयर्नला (न तुटता वाकणारं ओतीव लोखंड) मॅग्नेशियमची ट्रीटमेंट दिली की घड्याळ सुरू होतं. 1,400 अंशांच्या आसपासचं मेटल लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, आहे, दहा-बारा मिनिटांत मोल्डमध्ये (साच्यात) गेलं नाही तर मॅग्नेशियमचा असर उतरतो. ग्रॅफाइटच्या गोळ्या नीट बनत नाहीत, अख्खी हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेलं सगळं मेटल, स्क्रॅपला. लॅडल क्रेनला लोंबतेय, मोल्डिंगवाला पलीकडून ओरडतोय "थांबा, कोअर बसली नाही" (कोअर म्हणजे साच्याच्या आतला गाभा), आणि निर्णय तुम्हीच घ्यायचाय : ओतायचं की परत भट्टीत घ्यायचं. छाती धडधडते. पण ओतून झालं की झालं. बाहेर येऊन कपातला चहा हिंदकळतो इतका हात थरथरत असतो, आणि तरी बरं वाटतं. रात्री झोप लागते.

माणसाचा ताण वेगळा. क्वालिटीत असताना रात्री साडेदहाला फोन आला. उद्याच्या गाडीतल्या चाळीस पीसना ब्लो होल (हवेनं पडलेली भोकं) दिसतायत, तरी पीडीआय रिपोर्टवर, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीवर, सही करून टाक, गाडी थांबवता येत नाही. मी नको म्हटलं, मग वरच्याचा फोन, मग त्याच्या वरच्याचा. केली सही. पंधरा दिवसांनी पुण्याहून माल परत आला आणि मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारला गेला, "सही कुणाची?" माल थांबवायचा अधिकार माझा नव्हता आणि जबाबदारी मात्र पुरी माझी होती. त्या महिन्यात बायको म्हणायची, झोपेत दात खाताय.

रॉबर्ट कारासेक नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 1979 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. कामाचा रेटा किती, एवढंच बघून माणूस खचेल की नाही ते कळत नाही. त्या रेट्यात स्वतः ठरवण्याची मोकळीक किती, हे सोबत बघावं लागतं. रेटा जास्त आणि मोकळीकही जास्त असेल तिथं माणूस शिकतो. रेटा जास्त आणि हात बांधलेले, तिथं तो मोडतो. आणि दोन्ही कमी असतील, तर हळूहळू गंजतो. लंडनच्या सरकारी नोकरांवर 1967 पासून झालेला अभ्यासही असाच डोळे उघडणारा. आपल्याला वाटतं, साहेबाला टेन्शन म्हणून साहेबाचं हार्ट जातं. तिथं दिसलं उलटंच : हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण खालच्या ग्रेडच्या कारकून-शिपायांत जास्त होतं. सिगारेट, रक्तदाब वगैरे वजा केलं तरी फरक पुरता गेला नाही. पुढच्या फेरीत या टीमनं जी कारणं धरली, त्यात कामावर स्वतःचा ताबा नसणं हे एक ठळक होतं. तेव्हा निवांत खुर्ची म्हणजे तब्येतीला चांगली, हे गृहीत धरू नका.

मुलाखतीत हे सरळ विचारता येतं. "लाईन थांबवायची वेळ आली तर कुणाच्या सहीनं थांबते?" या प्रश्नावर समोरचा अडखळला, तर समजून जावा.

तिसरी पायरी : कंटाळ्याचीही जात बघा

पतसंस्थेतली माझी तीन वर्षं. सकाळी शटर, अगरबत्ती, व्हाउचरं, पासबुकं. दुपारी दोन ते चार पंखा फिरायचा तेवढाच. संध्याकाळी पिग्मी (रोजची छोटी बचत) गोळा करणारे एजंट यायचे, खिशातून चुरगळलेल्या दहा-वीसच्या नोटा काढायचे. ही पिग्मी मूळची आपल्याच कर्नाटकातली, 1928 मध्ये उडुपीत सिंडिकेट बँकेनं सुरू केली, आणि आज खडेबाजारातला भाजीवालाही रोजचे पन्नास त्यात घालतो. तर त्या नोटा मोजून कॅश टॅली. बारा रुपयांचा फरक आला की सगळ्यांनी बसायचं. पहिल्या वर्षी मी तो फरक खिशातून भरला आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं सगळ्यांसमोर झापलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

हा कंटाळा मला बांधून ठेवणारा होता. काम नाही, पण उठता येत नाही. पुस्तक काढलं तर "काम नाही काय?" आणि तरी चूक झाली तर पैसे तुमचे. दिवसभर काही न करून संध्याकाळी असा थकायचो की पलंगावर पडून मोबाईल बघण्यापलीकडं काही होत नसे. उलट माझा एक दोस्त खानापूरजवळच्या गोदामात रात्रपाळीला आहे. गाडी आली की नोंद करायची, बाकी रात्र त्याची. त्यानं तिथं बसून बी.कॉम. केलं. पगार माझ्यापेक्षा कमी, कंटाळा माझ्याइतकाच, पण त्याचं डोकं मोकळं होतं.

म्हणून निवांत नोकरी घ्यायची असेल तर उरलेले तास कशाला देणार, हे आधी वहीत लिहा, वारासकट. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सीएनसी किंवा डिझाइनचा कोर्स (जीटीटीसी या सरकारी प्रशिक्षण संस्थेचं केंद्र बेळगावातच आहे), किंवा स्पर्धा परीक्षा, किंवा शेत. खानापूरकडं भात आहे, लावणीला आणि सुगीला घरचं माणूस लागतंच, आणि फौंड्रीत सुगीसाठी रजा मागून बघा काय ऐकायला मिळतं ते. घरी आईवडील आजारी असतील तर साडेपाचला सुटणारी नोकरी सोन्याची आहे, कोण काय म्हणतंय तिकडं लक्ष देऊ नका. पण वहीतलं ते पान कोरं राहिलं, तर ते तास मोबाईल खाणार. माझे खाल्ले.

राज्य सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्यांना एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. मराठी शाळेतून आलेली पोरं कन्नडच्या पेपरला अडतात. बोलता येतं, लिहिताना फे फे उडते. निवांत नोकरीतले पहिले सहा महिने कन्नड लिहिण्या-वाचण्याला दिलीत तर इथं राहून त्याचा उपयोग आयुष्यभर आहे, परीक्षा निघो न निघो. सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असू दे, तहसीलदार कचेरीतली नोटीस कन्नडात येते.

चौथी पायरी : पगारपत्रकातल्या बारीक ओळी

पीएफ कापतात का विचारा. तुमचे 12 टक्के, मालकाचे 12 टक्के, आणि मालकाच्या वाट्यातला काही भाग पेन्शनला जातो. पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते, पण नोकरी बदलली म्हणून मोजणी मोडत नाही, यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा) नंबर तोच ठेवून खातं ट्रान्सफर करायचं. छोट्या पतसंस्थांमध्ये पीएफ नसतोही. तसं असेल तर त्या 16,500 ची किंमत अजून उतरली, हे मान्य करा.

ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, पगाराची मर्यादा महिना 21,000 आहे. तिच्या आत असाल तर घरच्यांच्या दवाखान्याचा मोठा भार उतरतो. बाहेर गेलात तर आरोग्य विमा स्वतः काढायचा, आणि आईवडील साठीच्या पुढं असतील तर तो हप्ता चांगला झोंबतो. तुमचा पगार मर्यादेच्या कुठल्या बाजूला मोजतात ते कंपनीकडूनच स्पष्ट करून घ्या. वाढलेल्या पगारातले निम्मे तिथंच गेलेले मी पाहिलेत.

ग्रॅच्युइटी कायम नोकरीत पाच वर्षांनी. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 15,000 असेल तर पाच वर्षांचे साधारण 43,000 होतात (15 भागिले 26, गुणिले पगार, गुणिले वर्षं). मी पहिली फौंड्री रागाच्या भरात सोडली तेव्हा नशिबानं पाच झाली होती. चार वर्षं चार महिन्यांवर तडकाफडकी राजीनामा देणारे दोघं माझ्यासमोर रिकाम्या हातानं गेले.

आणि ओव्हरटाइम. कारखान्यातल्या कामगाराला कायद्यानं दुप्पट दरानं मिळतो. पण हातात 'सुपरवायझर' किंवा 'ऑफिसर' असं पद दिलं की बहुतेक ठिकाणी तो बंद होतो. पदाचं नाव मोठं आणि तासाचा दर वेल्डरपेक्षा कमी, असं होऊ शकतं.

पाचवी पायरी : गेटवर उभे राहा

याला खर्च शून्य. फर्स्ट शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जा आणि मोटारसायकली मोजा. शिफ्ट सुटून तासभर झाला तरी स्टाफच्या पार्किंगमध्ये निम्म्या गाड्या असतील, तर ऑफर लेटरवरचे आठ तास विसरा. मच्छे असो, होनगा असो, शिनोळी असो की निपाणीकरांना जवळ पडणारं कागल असो, टपरीवाल्याला सगळी बित्तंबातमी असते.

बाहेर येणाऱ्या एखाद्या पोराला चहा पाजा आणि तीन गोष्टी विचारा. शेवटची रजा कधी घेतली? तुझ्या जागेवर आधी कोण होता आणि तो आता कुठंय? रात्री नऊनंतर फोन करणारं कोण? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत कामाचं. आधीचा माणूस चांगल्या पगारावर पुण्याला किंवा गोव्यात वेर्ण्याला गेला असेल, तर ही जागा शिकवते. वर्षात तीन जण घरी बसले असतील, तर काय ते तुम्हीच ओळखा.

पतसंस्थेचीही अशीच चौकशी. दहा वर्षं तिथं असलेल्या क्लार्कशी बोला. तो कशाबद्दल बोलतो ते ऐका. माझ्या शेजारचे सीनियर दिवसभर दुसऱ्याच्या बढतीबद्दल बोलायचे, आणि तिसऱ्या वर्षी मीही तेच बोलू लागलो. त्या दिवशी संध्याकाळी तिसऱ्या रेल्वे गेटपाशी गाडी थांबवून जुन्या फोरमनला फोन लावला.

मुलींसाठी, सुनांसाठी

आमच्याकडं 'बाईमाणसाला सोपी नोकरी बरी' असं सरसकट ठरवून टाकतात. त्यात एक गोम आहे. साडेपाचला घरी आलेल्या बाईचे उरलेले तास तिच्या कोर्सला जात नाहीत, भाकऱ्यांना जातात. म्हणजे घरच्यांना निवांत वाटणारी नोकरी तिला दुहेरी पडते, आणि वर पगार कमी म्हणून घरात शब्दालाही वजन कमी. ऑफर हातात असलेल्या बाईनं पहिल्या पायरीतला तक्ता घरच्यांना समोर बसवून भरावा, स्वयंपाकाचे तासही लिहावेत. जास्त पगारातले चार हजार एखाद्या मदतनीस बाईला देऊन अवघड नोकरी करणं परवडतं का, हा हिशेब बहुतेक घरांत कुणी मांडलेलाच नसतो.

सहावी पायरी : मुदत घालून घ्या

कुठलीही नोकरी धरा, पण चिठ्ठी लिहून कपाटात ठेवा. तारीख आणि अट, दोन्ही. माझ्या मते दीड वर्ष ठीक. 'पुढच्या दसऱ्यानंतरच्या दसऱ्यापर्यंत हीट स्वतःच्या जबाबदारीवर काढता आली नाही तर इथून हलणार.' किंवा 'तोवर कन्नडचा पेपर दिला नाही तर काउंटर सोडणार.' 'बघू पुढं' असं लिहायचं नाही. बघू म्हणता म्हणता माझी तीन वर्षं गेली.

धावपळीच्या नोकरीसाठी चिठ्ठीत अजून एक ओळ हवी : कधी थांबायचं. आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांत, 35 ते 40 तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्के आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका 17 टक्के जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2021 मध्ये सांगितलंय. भाच्याच्या तक्त्यात प्रवास सोडून आठवड्याला 63 तास भरत होते. एखाद्या महिन्यात चालतं, वर्षभर नाही. रविवारी दुपारी जेवणानंतरच पोटात गोळा यायला लागला, घरच्यांवर विनाकारण ओरडणं वाढलं, झोपेसाठी दारूची क्वार्टर लागायला लागली, तर चिठ्ठीतल्या तारखेची वाट बघू नका. डॉक्टरांना दाखवा. टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, तिथं बोलता येतं.

सोडताना मात्र राग घरी ठेवून जा. नोटीस पिरियड पुरा करा, रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारस्लिपा हातात घेतल्याशिवाय गेट ओलांडू नका. उद्यमबाग मोठी वाटते, पण पर्चेसवाला इकडचा तिकडं, क्वालिटीवाला तिकडचा इकडं, सगळे एकमेकांना ओळखतात. मला परत घेतलं ते त्या जुन्या फोरमननं नाव सुचवलं म्हणून.

भाच्यानं आठवडाभर हे सगळं केलं. फौंड्रीच्या गेटवर दोन संध्याकाळी उभा राहिला. त्याला कळलं की जागा डिस्पॅचच्या सुपरवायझरची आहे. डिस्पॅच म्हणजे ट्रक, कागद आणि सगळ्यांच्या शिव्या. मेटलशी संबंध नाही, थांबवायचा अधिकार नाही. आधीचे दोघं वर्षाच्या आत गेलेले. मग त्यानं फोन करून विचारलं, मेल्टिंग किंवा मोल्डिंगला घेता काय, दोन हजार कमी द्या. एचआरची बाई म्हणाली, सोमवारी सांगते. पतसंस्थेला त्यानं अजून नाही म्हटलेलं नाही. ताईनं तोवर सोसायटीत घालायला दोन फिक्या रंगाचे शर्ट आणून ठेवलेत.